फाईलवरचे 100 मिलिक्युरी म्हणजे आईला मिळालेला डोस का?

तुम्ही विचारलंय, थायरॉइड कॅन्सरसाठी आईला 100 मिलिक्युरी रेडिओआयोडीन दिलं, तर अंगात किरणोत्सर्ग नक्की किती गेला आणि तो कोणी मोजतं का. मी डिचोलीला बारावीला फिजिक्स शिकवतो. ताईला याच उपचारासाठी मुंबईला नेलं तेव्हा मीही हेच विचारत डॉक्टरांच्या मागे लागलो होतो.

मिलिक्युरी ही कॅप्सूलमधल्या औषधाची मात्रा. 100 मिलिक्युरी म्हणजे दर सेकंदाला 3.7 अब्ज अणू फुटतात. पेशींना बसलेला मार मोजतात ग्रेमध्ये, आणि तो माणसागणिक बदलतो: थायरॉइडच्या पेशींनी आयोडीन किती ओढलं, किती दिवस धरून ठेवलं, त्यांचं वजन किती. आयोडीन-131 चे, म्हणजे याच रेडिओआयोडीनचे, बीटा कण (त्यातून सुटणारे वेगवान इलेक्ट्रॉन) शरीरात जेमतेम दोन मिलिमीटर जातात, म्हणून औषध बसतं तिथेच काम करतं. आधीचे दोन आठवडे आयोडीनवालं मीठ आणि समुद्राची मासळी बंद करतात ती यासाठीच. भुकेल्या पेशी जास्त ओढतात, तेवढ्याच मिलिक्युरीत ग्रे वाढतात. ताईबरोबर आमच्या आईनेही बांगडा सोडला होता. नुस्त्याशिवाय तिला घास उतरत नाही, तरीही.

मोजमाप होतं ते मी दाराशी उभं राहून पाहिलं. जमिनीवर एक मीटरवर पट्टी चिकटवलेली, ताई पलीकडे उभी, आणि सर्व्हे मीटर (किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र) तिच्या पोटाच्या उंचीवर धरलेला. औषध घेतल्यावर ताशी 170 मायक्रोसिव्हर्ट (जवळ उभ्या माणसाला बसणाऱ्या किरणोत्सर्गाचं माप), दुसऱ्या दिवशी 64, तिसऱ्या दिवशी 24. आयोडीन-131 चं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा वेळ, आठ दिवसांचं. नुसत्या त्या हिशेबाने तिसऱ्या दिवशी 140 च्या वर दिसायला हवे होते. बाकीचं बहुतेक लघवीवाटे गेलं. दर तासाला पाणी पाजायला सिस्टर का येत होती ते मला तेव्हा कळलं. आपल्याकडे हा आकडा 50 च्या खाली आला की घरी सोडतात.

मात्र हे मोजमाप घरच्यांच्या सुरक्षेसाठी. गाठीला किती ग्रे मिळाले हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी काही दिवस पुन्हापुन्हा स्कॅन घ्यावे लागतात आणि गाठीचं आकारमान ठाऊक असावं लागतं. ऑपरेशननंतर उरलेली ग्रंथी इतकी बारीक असते की वजनाचा अंदाजच चुकतो. म्हणून बहुतेक ठिकाणी 30, 100, 150 अशा ठरलेल्या मात्रा देतात. तुमच्या आईच्या बाबतीत हलगर्जी झाली असं त्यावरून समजू नका.

आजार पसरलेला असेल आणि मोठी मात्रा द्यायची असेल तेव्हा मात्र मोजणीचा आग्रह धरा. रक्ताला 2 ग्रेपेक्षा जास्त मिळू नये, 48 तासांनी शरीरात 120 मिलिक्युरीहून अधिक उरू नये, आणि फुफ्फुसात पसरलं असेल तर 80 मिलिक्युरीहून, ही जुनी आणि आजही वापरात असलेली मर्यादा आहे. सध्या डिस्चार्जच्या वेळचं रीडिंग आणि उपचारानंतरच्या स्कॅनचा रिपोर्ट मागून घ्या. औषध कुठे बसलं ते त्या स्कॅनमध्येच दिसतं.