परसात कोणता हायब्रीड टोमॅटो लावावा? खानापूर, अथणी आणि बेळगावहून आलेल्या प्रश्नांना उत्तर

पाऊस ओसरायला लागला की आमच्याकडे टोमॅटोचे प्रश्न सुरू होतात. या खेपेचे तीन प्रश्न एकमेकांत असे गुंतलेले आहेत की उत्तर एकत्रच देतो.

खानापूर तालुक्यातल्या वैनींनी लिहिलंय की परसात महागाचं हायब्रीड लावलं, फुलं धरली आणि हिरवीगार झाडं चार दिवसांत माना टाकून गेली. तीच जात अथणीला दिलेल्या लेकीच्या दारात मात्र लगडली. अथणीकडच्याच एका भाऊंच्या झाडांची पानं आक्रसून वाटीसारखी झाली, वाढ खुंटली आणि फळ धरलंच नाही. आणि बेळगावच्या टिळकवाडीतल्या काकांनी गच्चीवर अर्का रक्षक हा हायब्रीड टोमॅटो लावला. फळ भरपूर आलं, पण साराला चव येत नाही म्हणून घरची मंडळी नाराज. तिघांनीही शेवटी एकच विचारलंय: सगळ्यांत चांगलं हायब्रीड कोणतं ते सांगा.

असं एक नाव मी सांगणार नाही. जिल्हा एक असला तरी खानापूरकडच्या कणकुंबीचा पाऊस आणि अथणीचं ऊन यांचा काही मेळ नाही. परसात टोमॅटोचे चार वाण तोलताना उत्पन्नाचा आकडा मागे ठेवा आणि आपल्या मातीत कोणता रोग येतो ते आधी बघा. अर्का रक्षकाच्या माहितीत हेक्टरी ७५ ते ८० टन लिहिलेलं असतं. तो आकडा ठिबक, तारकाठी आणि वेळच्या वेळी खतं देणाऱ्या शेतकऱ्याचा आहे. सहा झाडांच्या वाफ्याला त्याचा काय उपयोग?

वैनी, तुमच्याकडून सुरुवात करू. पान पिवळं न पडता अख्खं झाड हिरवंच कोमेजलं, तर पहिला संशय जिवाणूजन्य मर रोगाचा. खात्री घरीच होते. कोमेजलेल्या झाडाचं खोड जमिनीलगत कापून बोटभर तुकडा घ्या. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्या आणि कापलेलं टोक पाण्यात जेमतेम बुडेल असा तो तुकडा वरून धरा. हलवू नका. थोड्याच मिनिटांत त्या टोकातून दुधासारखी पांढरट धार संथपणे खाली उतरू लागली, तर तो जिवाणूच. धार आली नाही आणि झाड खालच्या पानापासून पिवळं पडत गेलं असेल, तर बुरशीची मर. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक जंत. प्रत्येकाचा इलाज वेगळा, म्हणून आधी पेला, मग औषधाचं दुकान.

हा जिवाणू मातीत वर्षानुवर्षं राहतो. खानापूरकडची तांबडी, आम्ल माती आणि भरपूर ओल त्याला मानवते. शिवाय बेळगाव-खानापूर भागात पावसाळी बटाटा घेतात, आणि बटाट्यालाही हीच मर लागते. ज्या जागेत पूर्वी बटाटा, वांगी किंवा मिरची होती तिथंच टोमॅटो लावला, तर रोगाला ताट वाढून दिल्यासारखं होतं. लेकीकडे जात तीच होती, पण तिच्या मातीत हा जिवाणू नसावा. तुमचं बियाणं खोटं नव्हतं.

या जागेसाठी बेंगळुरूच्या हेसरघट्ट्याला असलेल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का रक्षक आणि अर्का सम्राट हे संकरित वाण बघा. दोन्ही पानं आक्रसवणारा पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तीन रोगांना प्रतिकारक आहेत. फळ साधारण ९० ते ११० ग्रॅमचं, लाल आणि घट्ट. तिसरा अर्का अभेद. तो या तिन्हींशिवाय उशिरा येणाऱ्या करप्यालाही दाद देत नाही. गार, दमट हवेत हा करपा दोन दिवसांत वाफा काळा करतो, त्यामुळे खानापूरच्या पश्चिमेला माझा कल अभेदकडे आहे. तरीही तिथं भर पावसात उघड्यावर टोमॅटो लावूच नका. दसऱ्याच्या सुमारास रोपासाठी बी टाका आणि रोप २५ दिवसांचं झालं की लावा. प्रतिकारक म्हणजे अमर नव्हे, हेही ध्यानात असू द्या. पाणी साचलं आणि उष्मा वाढला, तर रक्षकाचीही काही झाडं जातात. गादीवाफा उंच करा, मातीपरीक्षणात आम्लता दिसली तर चुना द्या, आणि मेलेलं झाड मुळासकट उपटून जाळा. ते खतखड्ड्यात टाकू नका.

भाऊ, तुमची वाटीसारखी पानं म्हणजे पर्णगुच्छ, ज्याला आपण बोकड्या म्हणतो. पांढरी माशी तो पसरवते आणि कोरड्या, उबदार हवेत ती फार वाढते. पर्णगुच्छाला प्रतिकारक म्हणून विकली जाणारी खासगी कंपन्यांची हायब्रीडंही बाजारात भरपूर आहेत. पाकिटावर ‘टीवायएलसीव्ही’ किंवा ‘टीओएलसीव्ही’ अशी अक्षरं असतील तर ती पर्णगुच्छाची, ‘बीडब्ल्यू’ असेल तर जिवाणूजन्य मरची. पाकिटावरचा मजकूर बहुधा इंग्रजी नाहीतर कन्नड, म्हणून दुकानदाराकडून वाचून घ्यायला लाजू नका. वाणाइतकंच रोपाचं वयही मोलाचं आहे. कोवळ्या रोपाला लागण झाली तर नुकसान सर्वांत जास्त, म्हणून रोपं लागवडीपर्यंत बारीक नायलॉन जाळीखाली ठेवा. लावल्यावर वाफ्यात पिवळा चिकट सापळा टांगा आणि कडेनं मक्याच्या दोन ओळी आधीच पेरून ठेवा.

शेंडा तांबूस-काळा पडून वाळत असेल आणि फळावर गोल कडी उमटत असतील, तर तो बोकड्या नाही. तो फुलकिड्यांनी पसरणारा वेगळा विषाणू आहे, भुईमुगातही येतो. पर्णगुच्छ-प्रतिकारक वाण त्याला रोखत नाही. असं झाड दिसताच काढून टाका.

आता टिळकवाडीचे काका. तुमची तक्रार रास्त आहे. टोमॅटोचा आंबटपणा बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात जास्त असतो. बाजारासाठी तयार केलेल्या हायब्रीडात भिंत जाड आणि हा गर कमी, म्हणूनच ते फळ बेळगावहून गोव्याला जाईपर्यंत टिकतं. भाजीला, चटणीला ते उत्तम. साराला आणि कोशिंबिरीला पुसा रुबीसारखा सरळ, म्हणजे हायब्रीड नसलेला, वाण लावा. चपटं, थोडं आंबट, पातळ सालीचं फळ. पाणी कमीजास्त झालं की तडकतं आणि फार दिवस टिकत नाही, पण गच्चीवरून स्वयंपाकघरात न्यायचं तर टिकण्याची गरजच काय? एप्रिलमध्ये फळ पिवळट-नारिंगी राहिलं तर वाणाला दोष देऊ नका. पारा तिशीच्या वर गेला की लाल रंग नीट तयार होत नाही. कुंडी १५ ते २० लिटरची घ्या आणि पाणी नियमित ठेवा, नाहीतर फळाचं बूड काळं पडतं.

ज्यांना खरोखर तुलना करून बघायची आहे त्यांनी दोन हायब्रीड आणि एक सरळ वाण एकाच वाफ्यात, एकाआड एक लावावेत. एक जात विहिरीकडेला आणि दुसरी भिंतीच्या सावलीत लावून निकाल देण्यात अर्थ नाही. प्रत्येकाची निदान चार झाडं, अंतर ६० बाय ४५ सेंटीमीटर, खत आणि पाणी सारखं. वहीत पहिल्या आणि शेवटच्या तोड्याची तारीख, एकूण वजन, किती झाडं मेली आणि तोडलेलं फळ फळीवर किती दिवस राहिलं एवढं लिहा. चवीचा निकाल घरातल्यांना द्यायला सांगा, पण कोणती जात कोणती हे आधी सांगू नका. अमर्याद वाढणाऱ्या जातीला, विशेषतः चेरी टोमॅटोला, बांबू आणि सुतळीचा आधार द्या व बगलफुटी काढत जा. मर्यादित वाढीच्या झाडाची मात्र बगलफूट काढत बसू नका, त्यानं फळंच कमी होतात.

हायब्रीडचं बी घरी धरू नये. पुढच्या पिढीत झाडं नानाविध निघतात, कुणात प्रतिकार उतरतो, कुणात नाही. सरळ वाणाचं बी मात्र खुशाल धरा. टोमॅटोत परागीकरण बहुतेक आपल्याच फुलात होतं, त्यामुळे शेजारी हायब्रीड असला तरी जात सहसा बिघडत नाही. पूर्ण पिकलेल्या फळाचा गर एक-दोन दिवस आंबवून, धुऊन, सावलीत वाळवा.

एक ग्रॅममध्ये टोमॅटोचं तीनशेच्या आसपास बी येतं. १० ग्रॅमचं पाकीट परसाला कशाला? रोपवाटिकेतून ट्रेमधली रोपं मोजून घ्या, पण वाणाचं नाव पावतीवर लिहून मागा. नाव सांगता न येणाऱ्याकडून रोप घेऊ नका.