बैठकीला मुलाला न्यायचं का? न्या

ताई, मुलगा चौथीत आहे, डिस्लेक्सियाचं (वाचता-लिहिताना येणाऱ्या अडचणीचं) प्रमाणपत्र गेल्या महिन्यात हातात आलंय, शाळेने 'भेटून जा' असा निरोप पाठवलाय आणि त्याला सोबत न्यायचं की आजीकडे ठेवायचं, हा तुमचा प्रश्न. माझा लेक आता बारावीत आहे. माझं मत: न्या.

आम्ही पहिल्या दोन बैठकांना त्याला नेलंच नाही. त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलायला जीव धजत नव्हता. मग बाई, मुख्याध्यापिका, नवरा आणि मी, चौघांनी मिळून ठरवलं, पहिल्या बाकावर बसवू. सगळ्यांना हायसं वाटलं. वही मात्र अर्धीच राहायची. तिसऱ्या वेळी घरी कुणी नव्हतं म्हणून त्याला न्यावं लागलं. बाईंनी सहज विचारलं, "वही पूर्ण का होत नाही रे?" तर म्हणाला, "फळ्याकडे बघून परत वहीत आलो की माझी ओळ हरवते. पुढे बसलं की मान खूप वर करावी लागते, मग जास्तच हरवते."

बाई दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून फळ्यावरचा मजकूर त्या एका कागदावर लिहून त्याच्या बाकावर ठेवू लागल्या. ओळीखाली पट्टी धरून तो उतरवायचा. तिसऱ्या बाकावर बसून.

अख्खी बैठक मात्र त्याला बसवू नका. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं पुरे, पुढे मैदानावर पाठवा. मार्कांचा विषय तो बाहेर गेल्यावरच काढा. आदल्या रात्री जेवताना विचारून ठेवा: वर्गात काय आवडतं, कुठे अडतं. चारचौघांत बोलायचा नाही असं वाटत असेल तर त्याचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून न्या.

आता कायद्याचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातलाच) लवकर ओळखून तशी शिकवण्याची पद्धत वापरण्याची गोष्ट कलम १६ मध्ये आहे, तीही मान्यताप्राप्त खासगी शाळांना धरून. परीक्षेला जादा वेळ, लेखनिक (मूल सांगेल ते उत्तर लिहिणारा), दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे कलम १७ मध्ये. वाचून जा, पण पहिल्याच भेटीत कलमं तोंडावर फेकू नका. मी एकदा फेकली होती. पुढचे सहा महिने त्या मुख्याध्यापकांशी 'हो', 'बघतो' यापलीकडे संवाद झाला नाही.

आणि सवलत घेतानाही त्याला विचारा. आम्ही हिंदी सोडायचं ठरवून मोकळे झालो होतो, तर लेक अडून बसला. लिहिताना त्रास होता, पण तोंडी त्याला हिंदीच सगळ्यात छान यायचं. ठेवलं. लेखनिक घेऊन पास झाला.

शाळा बैठकीचं लेखी काही देईल याची वाट पाहू नका. घरी आल्यावर तारीख टाकून वहीत लिहा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. तेच बाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, "असंच ठरलं ना?" एवढंच विचारून. त्यांचं 'हो' आलं की काम झालं.

शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर शाळा व्यवस्थापन समितीतही शिरा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक हवेत, वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी, आणि २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलं त्या गटात आली. प्रत्यक्षात पुष्कळ पालक नुसती सही करून चहा पिऊन येतात, तो भाग वेगळा. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात (शाळांना मदत करणारं शिक्षण विभागाचं केंद्र) विशेष शिक्षक आहेत का, तेही विचारा. ते वर्गात येऊन बसले तर बाईंनाही आधार होतो.

भेटीची वेळ तुम्हीच मागा. शाळा सुटल्यानंतरची. मधल्या सुट्टीत बाईंच्या हातात डबा असतो आणि दारात दहा पोरं उभी असतात.