टाच जमिनीला टेकेना

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांचा, जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यातला. पोलीस भरतीला १६५ सेंटिमीटर उंची लागते, माझी १६१ होती. सरावात १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढायचो, पण दोन्ही वेळा मापातच बाहेर पडलो. शेवटी दीड एकर विकून मोठ्या शहरात दोन्ही नडग्या वाढवायची शस्त्रक्रिया केली. आत रॉड, बाहेर रिंगा. ५ सेंटिमीटर वाढल्यावर रिंगा काढल्या. आता साडेपाच महिने झाले. एक्स-रे बघून डॉक्टरांनी वॉकर धरून पूर्ण वजन टाकायला सांगितलंय, पण टाचा टेकत नाहीत, दोन बोटं वर राहतात. गुडघेही सरळ होत नाहीत. माय म्हणते, आराम कर, हाड भरलं की सगळं होईल. गावात ॲक्सिडेंट झाला असं सांगितलंय. तालुक्यातल्या फिजिओथेरपिस्टलाही तेच सांगितलं. ते शेक देतात, मशीन लावतात. मला मांडी घालून बसता येईल का? पळता येईल का?

उत्तर : माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे, म्हणून अरे-तुरे करते. तुझ्या आईचं अर्धं बरोबर आहे. हाड भरेल. टाच मात्र आराम करून खाली येणार नाही, उलट जितका पडून राहशील तितकी वर जाईल.

रशियात, सैबेरियातल्या कुर्गान गावी इलिझारोव्ह नावाच्या डॉक्टरांनी १९५०च्या दशकात ही पद्धत बसवली, ती मोडलेल्या आणि आखूड पायांसाठी. हाड कापायचं, काही दिवस थांबायचं आणि मग रोज एक मिलिमीटर, तोही चार वेळा पाव-पाव करून, दोन टोकं लांब न्यायची. मधल्या फटीत नवं हाड तयार होतं. तुझे ५ सेंटिमीटर म्हणजे रोज एक मिलिमीटरने पन्नास दिवस. त्या पन्नास दिवसांत हाडासोबत पोटरीचा स्नायू, त्याला टाचेशी जोडणारी दोरीसारखी शीर, नसा, कातडी, सगळंच ताणलं गेलं. हाड त्या वेगाने वाढतं, पोटरी मागे राहते. ती टाचेला वर ओढते, आणि तिचं वरचं टोक गुडघ्याच्या मागे असल्यामुळे गुडघाही वाकवते. तुझ्या दोन्ही तक्रारींचं मूळ हे एकच आहे.

म्हणून पहिलं काम : फिजिओथेरपिस्टला खरं सांग. ॲक्सिडेंटचा पाय समजून ते दुखणं कमी करायला बघताहेत. तुझ्या पायाला हवा आहे ताण, रोज, मोजून. गावाला काय सांगायचं ते तुझं तू ठरव, पण उपचार करणाऱ्याकडे शस्त्रक्रियेचे कागद आणि सगळे एक्स-रे घेऊन जा.

दुसरं, तू झोपतोस कशावर? बाजेवर असशील तर आजच खाली गादी टाक, नाहीतर लाकडी दिवाण घे. बाज मधे झोळ खाते आणि गुडघे रात्रभर वाकलेले राहतात. गुडघ्याखाली उशी असेल तर ती काढायला सांग. बरं वाटतं म्हणून आया ती हमखास ठेवतात. उशी हवीच असेल तर टाचेखाली, म्हणजे गुडघा आपल्या वजनाने सरळ होतो. दिवसातून तीनदा पंधरा-पंधरा मिनिटं पालथा झोपून पावलं दिवाणाच्या कडेबाहेर सोड. रात्री घोटा काटकोनात धरणारा स्प्लिंट लाव. तो मापाचा बनवून मिळतो, तुझ्या सर्जनला विचार.

जागेपणी दर दोन तासांनी पाय लांब करून बस, चवड्याला पंचा अडकव, गुडघा सरळ ठेवून आपल्याकडे ओढ. तीस आकडे मोज, पाच वेळा. मग गुडघा थोडा वाकवून पुन्हा पाच वेळा, कारण पोटरीत खोल आणखी एक स्नायू आहे, तो तसाच ताणला जातो. झटके द्यायचे नाहीत. ओढ बसली पाहिजे, पण टोचल्यासारखं दुखलं तर थांबायचं.

हे कटाक्षाने सांगते त्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीला माझ्याकडे उपचाराला एक मुलगी होती, अपघातात आखूड झालेला एक पाय वाढवलेली. ताण दिला की रडायची. मला दया यायची, मी सोडून द्यायचे. म्हणायचे, हाड पक्कं होऊ दे, मग बघू. हाड उत्तम भरलं. टाच आलीच नाही, आणि शीर लांब करायला तिला पुन्हा टेबलावर जावं लागलं. ती चूक माझी होती. ती अजून मनातून गेलेली नाही.

चालण्याचं असं. चवड्यावर चालून वॉकर सोडायची घाई करू नकोस, ती चाल अंगवळणी पडते. सध्या बुटात टाचेखाली उंचवटा घाल म्हणजे पूर्ण पाऊल वजन घेईल. उंचवट्यासाठी शंभर पानी वह्या वापरून बघ : भिंतीला पाठ लावून उभा राहा, टाचेखाली किती वह्या मावतात ते दर आठवड्याला, बाजाराच्या दिवशी लिहून ठेव. बुटातला उंचवटा तेवढाच ठेव आणि वह्या कमी होतील तसा कमी कर. अंगणात कमरेइतक्या उंचीवर दोन वासे समांतर बांधून घे आणि त्यांच्यामध्ये चाल : आधी टाच, मग चवडा. लोक बघतील म्हणून घरात बसू नकोस. हाडासाठी उन्हातही बसायला हवं. आणि कुल्ह्याच्या बाजूचे स्नायू कमजोर झाले असतील, चालताना अंग डोलतं का बघ. तसं असेल तर कुशीवर झोपून सरळ पाय वर उचलायचा व्यायामही धर.

तंबाखू-गुटखा असेल तर बंद. त्याने हाड भरायला वेळ लागतो. मेडिकलवरून स्वतःहून दुखण्याच्या गोळ्याही आणू नकोस, त्यांतल्या काहींनी तेच होतं. अंगठा वर उचलता येईना किंवा पावलाच्या वरच्या बाजूला बधिरपणा आला, तर व्यायाम थांबवून सर्जनला गाठ. पोटरी अचानक सुजून गरम झाली किंवा दम लागला तर त्याच दिवशी दवाखाना. आणि सहा आठवडे नेमाने करूनही वह्यांचा आकडा हलला नाही, तर वाट बघत बसू नकोस. शीर लांब करायची छोटी शस्त्रक्रिया लागेल का, ते सर्जन ठरवतील.

मांडी येईल, गुडघे आणि घोटे मोकळे झाले की. उकिडवं बसणं सगळ्यात शेवटी येतं, कारण त्यात घोटा सर्वांत जास्त वाकतो. तोवर शौचाला कमोडची खुर्ची वापर.

पळण्याचा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण तो लिहिताना हात जड होतो. एक सेंटिमीटर नवं हाड पक्कं व्हायला महिना-दीड महिना लागतो, आणि पळण्याचा ताण सोसण्याइतकं ते झालं का, हे फक्त एक्स-रेवरून कळतं. त्याआधी पळशील तर रॉड वाकू शकतो. पुढे पळता येतं, पण तुझी ती साडेपाच मिनिटं परत येतीलच, असं मी सांगणार नाही. बऱ्याच जणांची पोटरीची ताकद पहिल्यासारखी राहत नाही. पळणाऱ्या पोराला चार सेंटिमीटरपायी पाय कापून घ्यावे लागले, याचं मला फार वाईट वाटतं. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत रॉड आणि व्रण दिसतील, ते लपवायचा विचार मनात आणू नकोस. त्याबद्दल आधीच चौकशी कर, आणि वर्ष-दीड वर्ष फक्त पायावर लक्ष दे.

सहा आठवड्यांनी पुन्हा लिही. टाचेखाली किती वह्या उरल्या, दोन्ही पायांचे वेगवेगळे आकडे कळव.