भाड्याच्या घरात मोटारसायकलचं ऑइल बदलता येईल का, फरशी खराब न होता?

येईल. मी लातुरात भाड्याच्याच घरात राहतो. अंगणात शहाबादी फरशी आहे आणि त्याच अंगणात मी माझ्या स्प्लेंडरचं ऑइल स्वतः बदलतो. फरशीवर ऑइलचा एक डाग आहे, पण तो माझ्या हातचा नाही. तुमच्या प्रश्नात शेवटी एक वाक्य आहे, 'घरमालक म्हणतात, असली कामं गॅरेजातच करावीत, घरी केली की घाण होणारच.' ते वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य माझ्या दाजींनी मला भर पंगतीत ऐकवलेलं आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. लातूरहून औशाकडच्या एका गावाला रोजचं जाणं-येणं. उन्हाळ्यात फुफाटा, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, त्यामुळं गाडीच्या ऑइलकडं माझं बारीक लक्ष असतं. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. पाना हातात द्यायच्या आधी ते विचारायचे, 'तेल निघून कुठं जाणार, ते आधी सांग.' एवढं एक वळण लागलं की पुढचं काम पोरखेळ आहे.

एका दिवाळीत ताई आणि दाजी भाऊबीजेला आले होते. ऑइल बदलायची वेळ झालीच होती, मी सामान काढून ठेवलेलं. दाजी म्हणाले, "सर झालाव तरी हात काळे करूलालाव का? आपल्या वळखीचं गॅरेज हाय, चला." पाहुण्याचा मान म्हणून गेलो. तिथल्या पोरानं ऑइल काढायचा इंजिनखालचा बोल्ट परत बसवताना पान्याला हातभर लोखंडी पाइप लावला आणि करकर आवाज येईपर्यंत आवळला. मी म्हणालो, "अरे, खालचं इंजिन मऊ अॅल्युमिनियमचं आहे." दाजी म्हणाले, "त्याचं रोजचं काम हाय ते."

सकाळी घरमालक काका तुळशीला पाणी घालायला आले आणि ओरडले, "काय ओ सर, हे काय करून ठेवलाव?" मी गाडीखाली वाकून बघितलं. बोल्टच्या कडेला थेंब धरत होता, फुगत होता, तुटून पडत होता. खाली ऑइल दोन फरशांच्या सांध्यातून तुळशीकडं निघालं होतं आणि शहाबादीनं ते पिऊन घेतलं होतं. बोल्ट काढला तर इंजिनच्या भोकातले आटे बोल्टला तारेसारखे गुंडाळून बाहेर आले. गाडी ढकलत लेथवाल्याकडं नेली. त्यानं भोक मोठं करून आत नवीन आट्यांची बुशी बसवून दिली, तेव्हा गळती थांबली. आणि पुढं मामेभावाच्या लग्नात, जेवायला बसल्यावर दाजी सगळ्यांना सांगत होते, "सरानं घरी ऑइल बदलायला घेतलं आन् इंजिनचं वाटोळं केलं." बहिणीचा नवरा, वयानं मोठे, भर मांडवात काय बोलणार? म्हणून इथं लिहितोय. डाग गॅरेजच्या कामाचा आहे.

आता तुमचं काम. करडीच्या किंवा सोयाबीनच्या तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घरात असतोच. तो आडवा ठेवा, बूच घट्ट लावा आणि वर आलेली बाजू कापून टाका. हा झाला तुमचा ट्रे. याची गंमत अशी की काम झालं की त्याच बुचातून ऑइल बाटलीत ओतता येतं. उघड्या घमेल्यातून ओतायला गेलं की निम्मं बाहेर जातं, आणि बहुतेकांची फरशी खराब होते ती इथंच. गाडी मेन स्टँडवर लावून कॅन खाली बसतो का, ते आधी बघून घ्या. खताची रिकामी गोणी उसवून फरशीवर पसरा आणि तिच्यावर पुठ्ठा टाका. गोणीतून खाली झिरपत नाही आणि पुठ्ठा थेंब शोषून घेतो. नुसता पेपर पसरू नका, तो भिजून फाटतो.

इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा म्हणजे ऑइल पातळ होतं. लांबून आल्या आल्या मात्र हात घालू नका. सायलेन्सरचा बेंड जवळच असतो, चांगलं भाजतं. वरचं डिपस्टिकचं, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या कांडीचं झाकण आधी ढिलं करून ठेवा, धार एकसारखी येते. खालच्या बोल्टला माझ्या गाडीला 17 नंबरचा रिंग पाना लागतो. पान्यानं फक्त ढिला करायचा, पुढं बोटांनी. बोल्ट वर दाबून धरूनच फिरवत राहायचं. शेवटचा आटा सुटला हे हाताला कळतं, तेव्हा झटकन बाजूला घ्यायचा. कॅनवर जुनी चहाची गाळणी आडवी ठेवली तर बोल्ट सटकला तरी काळ्या ऑइलात बुडत नाही. वारं असेल त्या दिवशी हे काम अंगणात करूच नका. शेवटी धार बारीक होते आणि वाऱ्यानं हलते.

थेंब थांबले की बोल्ट आणि त्याची बैठक चिंधीनं पुसा, वायसर, म्हणजे बोल्टखालची चकती, नवीन टाका. दोन-पाच रुपयाच्या वायसरसाठी कंजुषी करणारे लोक मी बघितलेत. बोल्ट पूर्ण हातानं आत गेला पाहिजे. मधेच अडला तर आटे तिरपे धरलेत, काढून परत लावा. मग लहान पान्यानं, मनगटाच्या जोरावर आवळा. वायसर दबलेला हाताला जाणवतो, तिथं थांबायचं. पाइप लावायचा नाही, पान्यावर पाय द्यायचा नाही. दाजी हे वाचत असतील तर हे वाक्य त्यांच्यासाठी आहे.

नवीन ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घ्या आणि नरसाळ्यानं ओता. 'उन्हाळा आहे, जाड टाका' असं दुकानदार म्हणतो, ऐकू नका. सगळी बाटली रिकामी करायची गरज नसते. थोडं शिल्लक ठेवा, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करून तेवढंच थांबा आणि मग डिपस्टिक बघा. स्प्लेंडरला ती बघताना आवळायची नसते, नुसती टेकवायची.

डाग पडलाच तर पाणी मारू नका, तो पसरतो. आधी राख किंवा भुसा टाकून ऑइल शोषून घ्या. मग मुलतानी मातीत धुण्याची पावडर कालवून जाड थर द्या, वर प्लास्टिक झाका आणि रात्रभर ठेवा. दोन-तीनदा केलं की फिका होतो, पूर्ण जाईलच असं नाही. आमच्या घरमालक काकांनी संडास धुवायचं अॅसिड ओतलं. शहाबादी हा चुनखडीचा दगड, अॅसिडनं फसफसला आणि काळ्या डागाभोवती पांढरा चट्टा कायमचा बसला.

काळं ऑइल कुठं टाकायचं, हे तुम्ही विचारलंच नाही. माझ्या मते खरी घाण तिथंच होते. फरशी पुसता येते, जमिनीतलं पाणी नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा कुठं आमच्या लातूरला प्यायला मिळालं. अशा लातुरात लोक बोअरच्या कडेला, नालीत काळं ऑइल ओततात, ते मला बघवत नाही. खेड्यात वाळवी लागू नये म्हणून चौकटीला लावतात. कुणी खरूज झालेल्या कुत्र्याच्या अंगाला चोपडतात. हे तर अजिबात करू नका, जनावर ते चाटतं आणि विष पोटात जातं. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल येतं, ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडंच जायला हवं. तुम्ही-मी एवढंच करायचं की नव्या ऑइलच्या रिकाम्या बाटलीत ते भरायचं आणि जिथं जुन्या ऑइलचा ड्रम ठेवतात अशा मोठ्या सर्व्हिस सेंटरला द्यायचं. त्यात पाणी किंवा पेट्रोल मिसळू नका, मग ते घेत नाहीत.

हो, एक राहिलं. हे सगळं मी स्प्लेंडर धरून लिहिलंय, तिला बदलायचा कागदी फिल्टर नसतो. तुमची पल्सर असेल तर फिल्टरचं झाकण वेगळं उघडावं लागतं आणि तिथूनही थोडं ऑइल येतं, त्याखाली दुसरी चिंधी धरा. स्कूटर असेल तर मागचं गिअर ऑइल वेगळं, दोन बोल्टांत गल्लत करू नका. आणि गाडी वॉरंटीत असेल तर तेवढ्या सर्व्हिसिंग कंपनीतच करून बिलं जपून ठेवा. बोल्ट आवळताना मात्र तिथं समोर उभे राहा.