उपग्रहांच्या यादीतली नावे का बदलतात?

प्रश्न (खानापूर, शिक्षिका): नव्या प्रक्षेपणानंतर यादीत ‘ऑब्जेक्ट ए’, ‘ऑब्जेक्ट बी’ असे दिसते, काही आठवड्यांनी नावे येतात आणि कधी दोन नावांची अदलाबदलही होते. मुलांना ही चूक वाटते. त्यांना काय सांगावे?

उत्तर: ओळख हळूहळू पटत जाते, असे सांगावे. यादी ठेवणाऱ्या अमेरिकी लष्कराच्या रडारला उपग्रहाचे नाव वाचता येत नाही, त्याला ठिपका आणि त्याची कक्षा एवढेच कळते. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी पीएसएलव्ही-सी३७ ने १०४ उपग्रह सोडले, त्यांतले ८८ तर एकाच कंपनीचे आणि एकाच मापाचे होते. अशा गर्दीत कोणता ठिपका कोणाचा, हे उपग्रहाच्या मालकाने स्वतःच्या मोजमापांवरून कळवावे लागते. मुलांना हे गच्चीवर साध्या अँटेनाने अनुभवता येईल. उपग्रह जवळ येताना त्याच्या संकेताची वारंवारता किंचित चढी असते, दूर जाताना उतरते, आणि ती सर्वांत झपाट्याने उतरते तोच तो सर्वांत जवळ असल्याचा क्षण. सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर धावणारे दोन उपग्रह ७५ किलोमीटर मागेपुढे असतील, तर त्यांचे हे क्षण दहा सेकंदांनी वेगळे पडतात. तेवढ्यावरून चुकीचे नाव पकडता येते. हा प्रयोग शाळेने जरूर करावा.

प्रश्न (निपाणी): जुन्या पुस्तकात ‘मेटसॅट-१’ आहे, यादीत ‘कल्पना-१’. उपग्रह दोन आहेत का?

उत्तर: एकच. १२ सप्टेंबर २००२ रोजी सोडलेल्या या उपग्रहाला, फेब्रुवारी २००३ मधील कोलंबिया यानाच्या अपघातानंतर कल्पना चावला यांचे नाव देण्यात आले. त्याची २००२-०४३ए (२००२ सालचे ४३वे प्रक्षेपण, त्यातली ‘ए’ वस्तू) ही आंतरराष्ट्रीय नोंद बदलली नाही. शेताच्या उताऱ्यावर वारसांची नावे चढली तरी सर्व्हे नंबर तोच राहतो, तसेच हे आहे. म्हणून वहीत नावाबरोबर क्रमांकही लिहून ठेवावा, असा माझा आग्रह असतो.

प्रश्न (चिकोडी): चीनचा फेंगयुन-१सी २००७ मध्ये फुटला, मग त्याच्या तुकड्यांवर १९९९ हे साल कसे?

उत्तर: नोंदीतले साल मूळ प्रक्षेपणाचे असते. जानेवारी २००७ मध्ये चीनने हा उपग्रह क्षेपणास्त्राने उडवला आणि त्याचे तीन हजारांहून अधिक तुकडे यादीत आले. ते सारे १९९९-०२५ याच नंबरचे पोटहिस्से आहेत, पुढची इंग्रजी अक्षरे तेवढी वेगळी. त्यांत ‘आय’ आणि ‘ओ’ ही अक्षरे वापरत नाहीत, कारण ती १ आणि ० यांच्यासारखी दिसतात. आपल्या पीएसएलव्ही-सी३ चा वरचा टप्पा डिसेंबर २००१ मध्ये फुटला, त्याचे तुकडेही असेच २००१-०४९ खाली आहेत. एखाद्या तुकड्याचे मूळ सापडत नाही तोवर त्याला तात्पुरत्या क्रमांकावर ठेवतात, आणि माग लागल्यावर तो अचानक नव्या नावाने यादीत उगवतो.

प्रश्न (बेळगाव, विद्यार्थी): स्पुटनिक पहिला उपग्रह असून यादीत दुसरा का?

उत्तर: क्रमांक १ त्याला कक्षेत नेणाऱ्या रॉकेटच्या मुख्य भागाला मिळाला. त्या काळी एका प्रक्षेपणातल्या वस्तूंना ग्रीक अक्षर देऊन अधिक उजळ वस्तू आधी मोजत, आणि ऑक्टोबर १९५७ मध्ये लोकांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिला तो ठिपका बहुतेक वेळा रॉकेटचाच होता.