नॉझिक श्रीमंतांचा वकील होता का?

अमेरिकन राजकीय तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिक वाचावा का, असं तुम्ही विचारलंत. तो श्रीमंतांची वकिली करतो आणि पुढे त्यानं स्वतःच माघार घेतली, असंही तुमच्या कानावर आलंय. वाचाच. मीही पहिल्यांदा त्याला चिडून वाचलं होतं. दुसऱ्या वाचनात कळलं की चिडण्याच्या भरात त्याचं ‘अनार्की, स्टेट अँड यूटोपिया’ हे पुस्तक निम्मं नजरेतून निसटलं होतं.

जन्म १९३८चा, ब्रुकलिनमधला, रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातला. कोलंबिया विद्यापीठात असताना हा मुलगा समाजवादी विद्यार्थी चळवळीत होता. प्रिन्स्टनला गेल्यावर भांडवलशाहीच्या बाजूचे युक्तिवाद समोर आले. ते खोडायला तो बसला आणि त्याला ते खोडता येईनात. आपण नाखुशीनंच या मतापर्यंत आलो, असं त्यानं त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय. तिशीतच तो हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाला. त्याच विभागात जॉन रॉल्स होते; विषमता तळच्या लोकांच्या फायद्याची असेल तरच न्याय्य, असं मांडणारे तत्त्वज्ञ. त्यांचा न्यायावरचा ग्रंथ १९७१ साली आला आणि नॉझिकचं ‘अनार्की, स्टेट अँड यूटोपिया’ १९७४ साली. सरकारनं जीवित-मालमत्तेचं रक्षण करावं, करार पाळले जातात ना ते पाहावं, त्यापलीकडे जाऊ नये, ही नॉझिकची भूमिका. यापुढे राजकीय तत्त्वज्ञांनी एकतर रॉल्सच्या चौकटीत काम करावं, नाहीतर का करत नाही ते सांगावं, असं त्यानं त्यातच म्हटलंय. प्रतिपक्षाला इतका मान देणारा लेखक मला तरी विरळाच दिसला.

आता बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनचं उदाहरण. समजा, तुम्हाला न्याय्य वाटेल तशी संपत्तीची वाटणी झाली, अगदी समसमान म्हणा. चेंबरलेनचा करार असा, की प्रत्येक तिकिटामागे २५ सेंट त्याचे. लोक खुशीनं येतात, ते २५ सेंट त्याच्या नावाच्या वेगळ्या पेटीत टाकतात. हंगामात दहा लाख प्रेक्षक, म्हणजे त्याच्या हाती अडीच लाख डॉलर. समानता मोडली, पण अन्याय कुणी केला? वाटणीचा ठरावीक साचा टिकवायचा तर लोकांच्या राजीखुशीच्या व्यवहारात सतत हात घालावा लागेल, हा त्याचा मुद्दा. मेहनतीच्या कमाईवरचा कर वेठबिगारीच्या पंगतीला बसतो, हे त्याचं गाजलेलं विधान पुस्तकाच्या याच, सातव्या प्रकरणातलं.

मला इथे एक गोष्ट खटकते. प्रेक्षकांनी खुशीनं पैसे दिले, मान्य. पण चेंबरलेनच्या मुलांना जन्मतःच जी आघाडी मिळेल, तिला बाकीच्यांच्या मुलांनी कधी होकार दिला होता?

वकिलीच्या आरोपाचं उत्तर मात्र पुस्तकातच आहे. मालमत्तेवर हक्क कसा तयार होतो हे तो तीन तत्त्वांत मांडतो. मुळात ती न्याय्य रीतीनं मिळवलेली हवी, हस्तांतर राजीखुशीचं हवं, आणि मागे लूट किंवा फसवणूक झाली असेल तर तिची भरपाई व्हायला हवी. हे तिसरं तत्त्व त्याचे चाहतेसुद्धा फारसं बोलत नाहीत. मागचे अन्याय इतके मोठे असू शकतात, की ते दुरुस्त करण्यापुरतं काही काळ अधिक व्यापक सरकार लागेल, हे त्यानं स्वतः कबूल केलंय. जमिनी बळकावून झालेल्या श्रीमंतांना हा वकील परवडणारा नाही. त्या भरपाईचा नीट सिद्धान्त त्यानं उभा केला नाही, ही माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात मोठी उणीव.

माघारीची गोष्ट अर्धी खरी. १९८९च्या ‘द एक्झॅमिन्ड लाइफ’मध्ये त्यानं आपली जुनी भूमिका गंभीरपणे अपुरी असल्याचं लिहिलं. समाज म्हणून एकमेकांची काळजी सरकारमार्फत व्यक्त करण्यालाही अर्थ असतो, हे आधी आपल्या ध्यानात आलं नाही, असं तो म्हणतो. वारशावर मर्यादाही तो तिथेच सुचवतो: स्वतः कमावलेलं मुलांना द्या, पण वारशानं आलेलं तसंच पुढच्या पिढीकडे सरकवू नका. चेंबरलेनच्या मुलांबद्दलच्या शंकेचं हे त्याचंच उत्तर. पुढे २००१ साली मात्र आपण लिबर्टेरियन, म्हणजे कमीत कमी सरकार मागणारा, पंथ सोडल्याच्या बातम्या अतिरंजित असल्याचं त्यानं मुलाखतीत सांगितलं. तोवर पोटाच्या कर्करोगाशी त्याची झुंज काही वर्षं चालू होती. जानेवारी २००२मध्ये, ६३व्या वर्षी तो गेला.

‘अनार्की, स्टेट अँड यूटोपिया’ पहिल्या पानापासून वाचू नका. संरक्षण विकणाऱ्या खासगी संस्थांमधून राज्य कसं उभं राहतं, हा पहिला भाग चिवट आहे. सातव्या प्रकरणापासून सुरुवात करा, मग शेवटचं वाचा. तिथे तो तत्त्वज्ञ विट्गेन्स्टाइन, अभिनेत्री एलिझाबेथ टेलर, पिकासो, हेन्री फोर्ड, गांधी अशी नावांची लांबलचक यादी देतो आणि विचारतो, या सगळ्यांना मानवेल असा एकच आदर्श समाज असेल का? त्या पानांवर बोलायचं असेल तर जरूर लिहा.