भिंतीवरचे पट्टे आणि पाहणारा

दादर, रविवार रात्र

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. आधी तुझ्या आईबद्दल लिहिते, फिजिक्स नंतर.

त्या दोन दिवसांच्या शिबिरात तुला सांगितलं की इलेक्ट्रॉनकडे पाहिलं की तो बदलतो, म्हणजे मनच वास्तव घडवतं, म्हणजे माणसाचा आजारही त्याच्या विचारांतून येतो. आणि परळला केमो घेऊन दमून आलेल्या आईला तू म्हणालास, "सतत काळजी करत राहिलीस, म्हणून हे झालं." ती काहीच बोलली नाही, उठून कुकर लावायला गेली. तेव्हापासून तुला झोप नाही, असं लिहिलंयस. बाळा, हे पत्र इथेच खाली ठेव, तिच्याजवळ जाऊन बस आणि माझं चुकलं म्हणून सांग. कर्करोग पेशींच्या डीएनएत साठत गेलेल्या बिघाडांतून होतो. तिनं चुकीचे विचार केले म्हणून तो झालेला नाही, आणि इलेक्ट्रॉनच्या प्रयोगातून तर असलं काही निघतच नाही. ते का निघत नाही हे सविस्तर लिहिणार आहे. मी सांगते म्हणून मान, असं म्हटलं तर शिबिरवाल्यांत आणि माझ्यात फरक काय राहिला?

डबल स्लिट, म्हणजे कणांपुढे दोन वाटा ठेवून पलीकडच्या पडद्यावर काय उमटतं ते पाहायचा प्रयोग, तुला पाठ आहे. 1989 मध्ये जपानच्या हिताची कंपनीत अकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले. पडद्यावर आधी विस्कळीत ठिपके पडले, हजारो ठिपके साठल्यावर पट्टे दिसू लागले, दोन वाटांनी आलेल्या लाटा एकमेकींत मिसळल्यावर पडतात तसे. इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेनं गेला हे कळायची सोय केली तर पट्टे जातात. इथवर शिबिरात सांगितलं ते खरं. घोटाळा पुढच्या एका शब्दात आहे: निरीक्षक. हा शब्द ऐकला की डोळे असलेला, लक्ष देऊन बघणारा माणूस समोर येतो. मी वर्गात 31 वर्षं हा शब्द वापरला आणि किती मुलांच्या डोक्यात हे चित्र घालून ठेवलं, याचं आज वाईट वाटतं. 'मापन' म्हणायला हवं होतं. मापनाला डोळे लागत नाहीत. इलेक्ट्रॉनच्या वाटेची खूण दुसऱ्या कशावर तरी, एखाद्या फोटॉनवर, म्हणजे प्रकाशाच्या कणावर, किंवा हवेच्या रेणूवर, उमटली की पुरे.

याचा माझा सगळ्यात आवडता पुरावा व्हिएन्नाचा आहे. तिथे 1999 मध्ये 60 कार्बन अणूंच्या रेणूचे तसलेच, व्यतिकरणाचे पट्टे मिळाले. पुढे 2004 मध्ये त्याच गटानं 70 कार्बन अणूंचे रेणू घेतले आणि उपकरणात शिरण्याआधी ते लेझरनं तापवत नेले. लोखंड तापल्यावर लाल होतं, तसा तापलेला रेणूही प्रकाश बाहेर टाकतो. त्या फोटॉनबरोबर रेणू कुठे होता ही माहिती निघून जाते. रेणू जितके जास्त तापवले, तितके पट्टे फिके होत गेले, आणि शेवटी पुसलेच गेले. ते फोटॉन कुणी गोळा केले नव्हते, कुणी पाहिले नव्हते. ते उपकरणाच्या भिंतींत विरून गेले, तरी पट्टे गेले. याला डीकोहेरन्स म्हणतात. तुझ्या अभ्यासक्रमात हा भाग नाही, पण तेवढ्यासाठी एक संध्याकाळ काढ.

चेतनेची कल्पना शिबिरवाल्यांनी हवेतून आणली असंही समजू नकोस, ते अन्यायाचं होईल. फॉन नॉयमन या गणितज्ञानं 1932 मध्ये दाखवलं की मोजली जाणारी वस्तू आणि मोजणारा यांच्यातली रेघ गणितात कुठेही ओढता येते, अगदी माणसाच्या अनुभवापर्यंत सरकवता येते. 1961 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ यूजीन विग्नर त्याच्याही पुढे गेला: चेतनेपाशी पोचल्यावरच निकाल ठरतो, असं त्यानं लिहिलं. त्याला दोन वर्षांनी नोबेल मिळालं, तेव्हा ही काही ऐऱ्यागैऱ्याची गोष्ट नव्हे. पण डीटर झे या भौतिकशास्त्रज्ञाचं डीकोहेरन्सवरचं काम पाहिल्यावर विग्नरनं तो विचार स्वतःच सोडला. शिबिरात विग्नरचं पहिलं वाक्य सांगतात, दुसरं सांगत नाहीत. याचा मला खरोखर राग येतो.

एक कोडं मात्र उरतंच. पट्टे का जातात हे डीकोहेरन्स सांगतं. अनेक शक्यतांमधून हाच एक निकाल का पदरात पडला, हे ते सांगत नाही. त्यासाठी बोम या भौतिकशास्त्रज्ञानं 1952 मध्ये एक वाट सुचवली, एव्हरेट या दुसऱ्यानं 1957 मध्ये दुसरी. आणखीही आहेत, आणि भांडण मिटलेलं नाही. उघडा प्रश्न उघडाच राहू दे. चेतनेचं दुसरं कोडं त्यात कोंबून तो बुजवू नकोस.

तू अंधेरीला राहतोस, तेव्हा गिल्बर्ट हिलवर एकदा जाऊन ये. वर गावदेवीचं देऊळ आहे, पण तू पायथ्याशी थांबून नीट बघ. बेसॉल्टचे उभे काळे खांब, सुमारे 60 मीटर उंच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना आक्रसला आणि असा चिरत गेला. माणूस तेव्हा नव्हताच. ते खांब आज ज्या आकारात उभे आहेत, तो ठरायला कुणाचं लक्ष लागलं नाही.

यावर तू म्हणशील, मॅडम, पण आपला वेदान्त तर हेच सांगतो ना, की जग मनाचा खेळ आहे? पत्रात तू तसं लिहिलंच आहेस. मग शंकराचार्य स्वतः काय म्हणतात ते बघ. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातल्या दुसऱ्या पादात 28 वं सूत्र आहे, 'नाभाव उपलब्धेः', म्हणजे वस्तू जाणवते, तेव्हा ती नाही असं म्हणता येत नाही. बाहेरची वस्तू नाहीच, सगळं 'विज्ञान'च, म्हणजे मनातली जाणीवच आहे, असं म्हणणाऱ्या बौद्धांना आचार्य तिथे आपल्या भाष्यात उत्तर देतात. जेवून तृप्त होत असलेला माणूस 'मी जेवतही नाही आणि तृप्तही होत नाही' म्हणू लागला, तर त्याचं कोण ऐकणार, असा त्यांचा सवाल आहे. पुढच्याच सूत्रात जागेपण स्वप्नासारखं नाही हेही येतं. अद्वैताचं ब्रह्म म्हणजे तुझं माझं मन नव्हे. साक्षी चैतन्याचा, म्हणजे सगळे अनुभव नुसत्या पाहणाऱ्या जाणिवेचा, सिद्धान्त तुला पटो न पटो, तो वेगळा आणि फार खोल आहे; मनात आणलं की बँकेत पैसे येतात, याच्याशी त्याचं नातं नाही. मूळ भाष्य मराठी अनुवादात मिळतं, ते वाच. त्याचं सार सांगणाऱ्या व्हिडिओंवर थांबू नकोस.

आता पत्राचा दुसरा अर्धा भाग, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वरचं वाचून तू दुसऱ्या टोकाला जाशील अशी मला भीती आहे. जाणीव वगैरे सगळं थोतांड, मेंदूतली वीज, संपलं. तेही नको.

वर्सोव्याला बोंबील वाळत घातलेले असतात त्या बाजूनं कधी गेला आहेस? माशाचा जो वास येतो त्यात ट्रायमिथिलअमाइन नावाचा रेणू मोठा वाटा उचलतो. एक नायट्रोजन, तीन कार्बन, नऊ हायड्रोजन, एकूण 13 अणू. त्यांच्यातली अंतरं, कोन, कंपनं सगळं आपल्याला माहीत आहे. माझी आत्या तिथून जाताना नाकाला पदर लावायची, आणि बरोबरच्या शेजारच्या मुलाची भूक चाळवायची. रेणू तोच. आता सांग, त्या 13 अणूंत 'वास' कुठे आहे? कुठल्याच समीकरणात तो सापडणार नाही, कारण तो आपण आधीच बाहेर काढून ठेवला आहे. 1623 मध्ये गॅलिलिओनं लिहिलं की चव, वास, रंग हे वस्तूत नसतात, अनुभवणाऱ्या जीवात असतात. वस्तूत असतात आकार, संख्या, गती. ही वाटणी केली म्हणून फिजिक्सची भरभराट झाली. धान्य पाखडून घ्यावं तसं मोजता येण्याजोगं सुपात ठेवलं आणि बाकीचं बाजूला सारलं. आणि आज 400 वर्षांनी त्याच सुपात आपण अनुभव शोधतोय.

रसेल या तत्त्वज्ञानं 1927 मध्ये यातली आणखी एक गोष्ट नेमकी पकडली, आणि मला ती पन्नाशीनंतर कळली. वस्तुमान म्हणजे काय? ढकललं तर किती अडतं ते. विद्युतभार म्हणजे काय? दुसऱ्या भाराला किती ओढतो किंवा लोटतो ते. फिजिक्स पदार्थ काय करतो हे सांगतं, कमालीच्या अचूकतेनं सांगतं. तो स्वतः काय आहे यावर ते गप्प बसतं. आतून ठाऊक असलेली अशी एकच गोष्ट आपल्याजवळ आहे: आपला अनुभव. चेतना आणि भौतिक वास्तव यांची खरी गाठ मला इथे पडलेली दिसते, डबल स्लिटपाशी नाही.

चार वर्षांपूर्वी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. भूलतज्ज्ञ बाईंनी आकडे मोजायला सांगितले. मी सातपर्यंत पोचले असेन. पुढच्या क्षणी नर्स गालावर थोपटत होती आणि बाहेर संध्याकाळ झाली होती. झोपेत काहीतरी वेळ गेल्याचं जाणवतं. इथे मधला वेळ नव्हताच, जणू कात्रीनं कापून दोन टोकं जोडली. शिरेतून जाणारं प्रोपोफॉल हे भुलीचं औषध मेंदूतल्या पेशींना शांत करणाऱ्या गाबा ग्राहींवर काम करतं, एवढं मी नंतर वाचलं. म्हणजे जाणीव या दीड किलोच्याही आतल्या अवयवाशी घट्ट बांधलेली आहे, हे मी अंगावर भोगलं. मी नव्हते तेव्हाही घड्याळ चालत होतं, भाऊ बाहेर बाकावर बसून होता, हेही. पण परत आल्यावर 'मी आहे' असं जे जाणवलं, ते कुठल्या मोजमापात धरायचं? 1998 मध्ये क्रिस्टोफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञानं डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाशी पैज लावली होती की 25 वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण स्पष्ट सापडेल. 2023 मध्ये त्यानं भर सभेत हार मानली आणि वाइनच्या बाटल्या दिल्या.

मी गिरगावात वाढले. जवळच खेतवाडीत निसर्गदत्त महाराज राहत. विडीचं दुकान चालवून संसार केलेला माणूस, 1981 मध्ये गेले. परदेशातून लोक त्यांच्या माळ्यावर येऊन बसत आणि ते मराठीत बोलत. त्यांचं सांगणं मुळात एवढंच होतं: 'मी आहे' ही जी जाणीव आहे, तिच्याशी थांब. त्यासाठी त्यांना इलेक्ट्रॉनची साक्ष काढावी लागली नाही. तुला शांत बसायला आवडतं, श्वासाकडे लक्ष देताना बरं वाटतं, असं तू लिहिलंयस. मग बस की रोज. त्याला 'क्वांटम' हे नाव कशाला हवं?

एमएस्सीचा फॉर्म भरायचा की सोडायचं, असं विचारतोस. भर. लिनिअर अल्जिब्रा पक्का कर, क्वांटमचं गणित हातानं सोडव, आणि आठवड्यातले दोन तास तत्त्वज्ञानाला दे. दोन्हीकडचे लोक तुला अधूनमधून वेड्यात काढतील, त्याची तयारी ठेव. शिबिराचा पुढचा टप्पा 18 हजारांचा आहे म्हणतोस. ते पैसे आईच्या औषधांना लागतील.

पुढच्या रविवारी माझ्याकडे ये. येताना लाल लेझर पॉइंटर आण. समईच्या ज्योतीवर काच धरून काजळी धरू, दोन ब्लेडं एकत्र चिकटवून तिच्यावर एकदाच ओढू, म्हणजे शेजारी शेजारी दोन ओरखडे उमटतील. ब्लेडची जाडी 0.1 मिलिमीटर, लेझरची तरंगलांबी 650 नॅनोमीटर, माझ्या खोलीतली भिंत 3 मीटरवर. पट्ट्यांमधलं अंतर किती येईल ते आधी कागदावर काढून आण, माझं उत्तर सुमारे 2 सेंटिमीटर आहे. मग पट्टीनं मोजू. सकाळीच निघ, दुपारी मेगाब्लॉक असतो. आईला बरं वाटत असेल तर तिलाही घेऊन ये. आमच्याकडची लिफ्ट आता चालू झाली आहे.

तुझी,
मॅडम